रिकाम्या हौद्याची उंची

डेट्रॉईटच्या उपनगरांतील एखाद्या मोठ्या हार्डवेअर दुकानाच्या पार्किंगमध्ये उभे राहून पिकअप ट्रकांकडे बाजूने पाहिले, तर त्यांतला जवळपास प्रत्येक रिकामा ट्रक किंचित पुढे झुकलेला दिसतो. नाक खाली, हौदा वर. हा झुकाव साधारण दोन-अडीच इंचांचा असतो आणि इकडे त्याला ‘रेक’ म्हणतात. कारखान्यातून ट्रक असाच बाहेर पडतो. तो कोणाच्या हातून बिघडलेला नसतो. तरीही नवा ट्रक दारात आला की मालकाला ज्या सुधारणांची खाज सुटते, त्यांत हा झुकाव काढून ट्रक ‘लेव्हल’ करणे फार वरच्या क्रमांकावर असते. मलाही ती खाज सुटली. बहुतेक जण त्यासाठी पुढची बाजू उचलतात. मी मागची उतरवली. इथल्या पिकअपवाल्यांत हा अल्पसंख्याकांचा पंथ आहे, आणि त्याची बाजू मांडण्यासारखी आहे असे मला वाटते.

आधी कारखान्याची बाजू. पिकअपच्या मागच्या पाट्यांचा, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचा, हिशेब रिकाम्या गाडीवर केलेला नसतो, भरलेल्या गाडीवर केलेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो आणि माणसे व सामान मिळून किती किलोंच्या वर जाता कामा नये ते त्यावर छापलेले असते. माझ्या फोर्ड एफ-१५० च्या वर्गातील ट्रकांना हा आकडा बहुधा सातशे ते नऊशे किलोंच्या दरम्यान येतो. एवढे वजन मागच्या चाकांवर आले की पाटे बसतात आणि हौदा काही इंच खाली जातो. गाडी रिकामी असतानाच सपाट ठेवली, तर भरल्यावर तिचे नाक वर उठेल, दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातील, पुढच्या चाकांवरचा भार घटल्याने स्टिअरिंग हलके पडेल आणि ज्या पुढच्या ब्रेकांवर थांबण्याची मोठी जबाबदारी असते, त्यांच्या टायरांची रस्त्यावरची पकड कमी होईल. म्हणून अभियंता येऊ घातलेल्या मालाची उंची आधीच राखून ठेवतो. तो झुकाव म्हणजे अजून न आलेल्या वजनासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे.

ही रीत जुनी आहे. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी रनअबाउटला कारखान्यातच पोलादी हौदा बसवून ती गाडी २८१ डॉलरांना विकायला काढली, तेव्हा हौद्याबरोबर फाळका दिला आणि मागे जास्त भक्कम पाटेही दिले. त्याआधी शेतकरी आणि कारागीर आपापल्या गाडीच्या मागे लाकडी खोके ठोकून काम भागवत असत. त्या गिऱ्हाइकाचा हौदा रिकामा राहण्याचे कारण नव्हते. परतीच्या वाटेवर काय असेल तेवढीच त्याची रिकामी फेरी. शंभर वर्षांनंतर ट्रक तोच राहिला, किंबहुना कितीतरी मोठा झाला, पण गिऱ्हाईक बदलले. आज माझ्या गल्लीतील पिकअप सकाळी कार्यालयात जातात आणि संध्याकाळी शाळकरी मुले व किराणा घेऊन परततात. मालासाठी राखून ठेवलेली उंची वर्षातील बहुतेक दिवस तशीच राखीव राहते.

माझ्या हौद्याचेही तेच. वसंतात झाडांच्या बुंध्याशी पसरायचे मल्च, उन्हाळ्यात कधी प्लायवूड, भाद्रपदात आमच्या मंडळाच्या गणपतीचे मखर, ढोल आणि सतरंज्या, एरवी हवा. ढोल चढवताना फाळक्याची उंची खरोखर जाणवते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आजकालच्या ट्रकांत हौद्याचा तळ जमिनीपासून जवळजवळ तीन फुटांवर असतो, आणि पथकातील साठी ओलांडलेले सभासद तो ढोल छातीपर्यंत उचलतात तेव्हा त्यांच्या कमरेची काळजी मलाच जास्त वाटते. मागची बाजू मी सव्वा इंच उतरवली, तेवढ्याने त्यांच्या कमरेला फार दिलासा मिळतो असा माझा दावा नाही. दिसण्याचा भाग मोठा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दिसण्यासाठी का होईना, ट्रक उंच करण्यापेक्षा बुटका करणे मला शहाणपणाचे वाटले, आणि त्याची कारणे निव्वळ आवडीनिवडीची नाहीत.

पुढची बाजू उचलायची म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या जोडीच्या, डोक्यावर धातूची चकती बसवायची. चकती एक इंचाची असली तर ट्रक साधारण दोन इंच उचलला जातो, कारण स्ट्रट चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मच्या टोकाला जोडलेला नसून मध्ये कुठेतरी जोडलेला असतो आणि चाक त्याच्याही पलीकडे असते. स्वस्त काम, दोन-चार तासांचे, म्हणूनच लोकप्रिय. पण त्यामुळे आर्म नेहमीपेक्षा जास्त तिरपे राहतात, वरच्या बॉल जॉइंटवर ताण येतो, पुढच्या चाकांना शक्ती पोचवणाऱ्या शाफ्टचे सांधे कायम कोनात फिरतात, आणि चाक खाली सुटण्यासाठी जी हालचाल शिल्लक ठेवलेली असते तिच्यातला मोठा हिस्सा खर्ची पडतो. गाडीचे नाक वाऱ्यात आणखी वर जाते, गुरुत्वमध्य चढतो. अलाइनमेंट तर करून घ्यावीच लागते. एवढे सगळे करून हाती काय लागते, तर आधीच उंच असलेला ट्रक आणखी उंच. ज्याला खडकाळ वाटांवर जायचे आहे त्याची गोष्ट वेगळी. मिशिगनमधील आमची उपनगरे सपाट आहेत. इथे चढायला अवघड अशी जागा म्हणजे हिवाळ्यात नगरपालिकेच्या यंत्राने दारासमोर रचून ठेवलेला बर्फाचा बांध.

मागची बाजू उतरवण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वाईट मार्ग म्हणजे पाट्यांनाच कमजोर करणे. पूर्वी काही हौशी लोक गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ती बसवत असत. पोलादाचे पाणी त्यातच उतरते आणि मग ती स्प्रिंग केव्हा मोडेल याचा नेम राहत नाही. संचातून एखादा पाटा काढून टाकणे तितके भयंकर नाही, पण त्याने उंचीबरोबर ताकदही जाते. योग्य मार्ग तो, ज्यात पाट्यांना हात न लावता केवळ त्यांची जोडणी बदलते. उंची कमी होते, ताकद तीच राहते.

अशा मार्गांपैकी एक शॅकलचा. पाट्याचे पुढचे टोक चासीला पक्के असते आणि मागचे टोक शॅकल नावाच्या दोन पट्ट्यांच्या झोक्याला अडकवलेले असते, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्या लांबीला कुठेतरी जागा हवी असते. शॅकलची लांबी बदलली की उंची बदलते. मात्र शॅकल लांब केल्याने गाडी वर जाईल की खाली, हे प्रत्येक ट्रकचे वेगळे. चासीवरची खीळ वर आणि पाट्याचा डोळा, म्हणजे त्याच्या टोकाचे कडे, खाली असेल, तर लांब शॅकलने गाडी उचलली जाते. डोळा वर आणि खीळ खाली असेल, तर त्याच लांब शॅकलने ती उतरते. विकत घेण्याआधी गाडीखाली झोपून हे पाहणे भाग आहे. दुसरे गणित असे की शॅकल पाट्याच्या एका टोकाला असतो आणि अ‍ॅक्सल साधारण मध्यावर, त्यामुळे शॅकलमधील दोन इंचांच्या बदलाचा अ‍ॅक्सलपाशी सुमारे एकच इंच उरतो. शिवाय पाट्याचे एकच टोक हलल्याने अख्खा पाटा पुढच्या डोळ्याभोवती थोडा फिरतो आणि त्याच्याबरोबर अ‍ॅक्सलचे तोंडही फिरते.

दुसऱ्या टोकाला ‘फ्लिप’ आहे. अनेक अमेरिकन पिकअपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवलेले असतात. फ्लिपमध्ये अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर घेतात. अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या संचाची जाडी, दोन्हींची बेरीज एका दमात उतरते, म्हणजे पाच-सहा इंच. मग अ‍ॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून चासीला खालून अर्धगोल खाच कापून ती पोलादाच्या तुकड्याने पुन्हा मजबूत करावी लागते. जुन्या शेव्हरोले पिकअप जमिनीलगत आणणाऱ्या शौकिनांचा तो प्रांत आहे. मला त्यांच्या कारागिरीबद्दल आदर आहे, पण माझे काम तेवढे नव्हते.

माझ्या ट्रकमध्ये पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये कारखान्यानेच एक लोखंडी ठोकळा बसवला होता. तो काढून त्याच्या जागी सव्वा इंचाने बुटका ठोकळा घालायचा, एवढेच मी ठरवले. यात शॅकलसारखे अर्धे होत नाही. ठोकळा जितका बुटका, तितकाच ट्रक खाली. पाटा फिरत नाही, म्हणून अ‍ॅक्सलचा कोनही जवळपास तोच राहतो. मात्र जुन्या ठोकळ्याला उतार असेल तर नव्यालाही तितकाच आणि त्याच दिशेचा उतार हवा. हा कोन महत्त्वाचा आहे. गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलला ज्या क्रॉसने जोडलेला असतो, त्याचे दोन्हीकडचे कोन जुळले नाहीत तर सिग्नलवरून निघताना बुडाखाली घरघर जाणवते, आणि तशीच गाडी हाकली तर क्रॉस आणि मधले बेअरिंग दोन्ही लवकर जातात.

मोजमापाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण निम्मे वाद तिथेच होतात. सर्वसाधारण पद्धत अशी की जमिनीपासून चाकाच्या मध्यावरून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचे. माझे आकडे पुढे ३७ इंच आणि मागे सव्वाएकोणचाळीस. पण इकडच्या घरांच्या गॅरेजची जमीन दाराकडे मुद्दाम उतरती केलेली असते, बर्फाचे पाणी बाहेर वाहून जावे म्हणून, आणि तेवढ्या लांबीत हा उतार इंच-दोन इंच सहज होतो. म्हणून ट्रक एकदा तोंड आत करून मोजावा आणि एकदा तोंड बाहेर करून, मग सरासरी घ्यावी. टायरांतील हवा दाराच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे असावी, पेट्रोलची टाकी ज्या पातळीला पहिल्या दिवशी होती त्याच पातळीला दुसऱ्या दिवशी असावी. हे सारे फाजील वाटेल, पण ज्या फरकासाठी खटाटोप चालला आहे तो सव्वा दोन इंचांचा आहे.

तो पूर्ण काढायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते. सव्वा इंच काढायचा, एक इंच ठेवायचा. डोळ्याला ट्रक जवळपास सपाट दिसतो आणि मालासाठी थोडी जागा उरते. मिशिगनमध्ये हे तपासून पाहण्याची सोय आयती आहे: रिकाम्या पिकअपची मागची चाके बर्फावर हलकी पडून घसरतात, म्हणून थंडीत पुष्कळ लोक मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर हौद्यात वाळूची पोती टाकतात. तीच पोती थोडी जास्त टाकली, ती पुढे सरकू नयेत म्हणून लाकडाची चौकट ठोकली, आणि ट्रक सपाट झाला की कसा दिसतो, कसा चालतो आणि रात्री दिवे कुठे पडतात, हे पैसे खर्च करण्याआधी पाहून झाले.

काम सुरू असताना निफाडहून मामांचा व्हिडिओ कॉल आला. मामांकडे पिकअप आहे, आणि हंगामात ती कांदा भरून लासलगावच्या बाजारात जाते. ट्रकखालचे दृश्य पाहून त्यांनी विचारले, “पाटे खोलतोस का रे? कमान बसली का?”

“नाही मामा, मागची बाजू थोडी खाली घेतोय.”

“खाली? अरे, माल भरल्यावर गाडी उलार होईल ना!”

“माल फारसा नसतोच मामा.”

मामा क्षणभर थांबले. “मग पिकअप कशाला घेतलीस?”

या प्रश्नाचे उत्तर मला सुचले नाही. मामांच्या जगात पाट्यांचे काम एकाच दिशेने चालते. महामार्गाच्या कडेला कमानपाट्यांची दुकाने असतात. तिथे बसलेल्या पाट्याला घणाने पुन्हा कमान देतात, तुटलेला मेन पाटा बदलतात आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास वर एखादा जास्तीचा पाटा चढवतात. कायद्याने पाहिले तर नोंदणी पुस्तकातील कारखान्याच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करण्यास मोटार वाहन कायद्याचे, म्हणजे १९८८ च्या अधिनियमाचे, ५२ वे कलम आडवे येते. व्यवहारात काय चालते ते बाजार समितीच्या फाटकापाशी तासभर उभे राहिल्यास कळते. आणि एक गंमत अशी की ज्या गाड्यांना मामांकडचे लोक जास्तीचा पाटा चढवतात, त्यांची मूळ क्षमताच माझ्या ट्रकच्या कितीतरी पुढे असते. बोलेरो मॅक्स पिकअपची निरनिराळी मॉडेले १.३ टनांपासून २ टनांपर्यंत माल वाहायला बनवलेली आहेत. तिच्या शेजारी माझा एफ-१५० उभा केला तर तो तिला झाकून टाकील, इंजिनाची ताकद कैकपट निघेल, आणि कांदा मात्र तिच्या निम्माच नेईल. तो मऊ आहे, कारण त्याला मऊ राहण्याचेही पैसे मिळालेले आहेत: रिकाम्या हौद्यानिशी शाळेपर्यंत जाताना पोरांना धक्का लागू नये, हीही अमेरिकन गिऱ्हाइकाची अट असते.

प्रत्यक्ष कामात कौशल्यापेक्षा गंज जास्त आडवा येतो. इकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते सगळे गाडीच्या पोटाला लागते. पाट्यांचा संच, ठोकळा आणि अ‍ॅक्सल यांना एकत्र आवळून धरणारे यू-बोल्ट काही हिवाळ्यांनंतर लोखंडाचे न दिसता तपकिरी ढेकळांचे दिसू लागतात. त्यांच्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवले, तारेच्या ब्रशने आटे खरवडले, तरी एक-दोन नट ऐकत नाहीत, आणि मग ग्राइंडरने बोल्ट कापावा लागतो. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण यू-बोल्ट एकदा सोडला की पुन्हा वापरायचाच नसतो. आवळताना तो ताणला जातो, आटे बसतात; दुसऱ्यांदा त्याच्याकडून तीच पकड मिळेल याची खात्री नसते. आणि ठोकळा बुटका झाल्यावर जुने बोल्ट तसेही लांब पडतात.

ट्रकची पुढची चाके अडवून, मागून चासी उचलून ती लोखंडी घोड्यांवर ठेवायची. घोड्या चासीखालीच हव्यात, अ‍ॅक्सलखाली नकोत, कारण अ‍ॅक्सल खालीवर करता यायला हवा. त्याच्याखाली वेगळा जॅक. एका वेळी एकच बाजू सोडली म्हणजे अ‍ॅक्सल जागा सोडत नाही. यू-बोल्ट निघाले, जॅक हळूहळू उतरवला की पाटा आणि ठोकळा यांत बोटभर फट पडते आणि ठोकळा हातात येतो. त्याच्या बुडाशी एक खुंटी असते, ती अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते. डोक्याशी एक भोक असते, त्यात पाट्यांच्या सेंटर बोल्टचे डोके बसते. सगळ्या कामात डोळ्यात तेल घालून पाहायची जागा हीच. खुंटी भोकाच्या कडेवर चढून राहिली आणि तसेच बोल्ट आवळले, तर अ‍ॅक्सल एका बाजूला थोडा पुढे किंवा मागे राहतो आणि ट्रक सरळ रस्त्यावर तिरपा चालू लागतो. मी बॅटरीचा झोत टाकून चारही बाजूंनी पाहिले, मग पुढच्या डोळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर दोन्हीकडे फितीने मोजले.

नवे बोल्ट आवळताना तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, चारही नटांखाली सारखेच आटे बाहेर दिसतील असे आवळायचे, आणि शेवटचा टॉर्क पुस्तकात दिल्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्यायचा. शॅकल किंवा पाट्याचे डोळे सोडले असतील, तर त्यांचे बोल्ट मात्र ट्रक चाकांवर उभा राहिल्यानंतरच पक्के करायचे; आतले रबरी बुश हवेत लटकलेल्या स्थितीत जखडले, तर गाडी खाली आल्यावर ते कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. थोडे चालवून झाले की यू-बोल्ट पुन्हा तपासायचे. ठोकळे, पाटे, बैठक हे सगळे एकमेकांत बसते आणि नट किंचित सैल पडतात. हे पुन्हा तपासणे बहुतेकांकडून राहून जाते, आणि मग पाट्यातून खटखट आवाज येतो अशी तक्रार सुरू होते.

ट्रक खाली आला आणि मागे बरोबर ३८ भरले. त्यानंतरची जी कामे आहेत ती कोणाला दिसत नाहीत, म्हणून टाळली जातात. माझ्या ट्रकच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर १४५ इंच आहे. त्याच्या एका टोकाला सव्वा इंच उतरवला म्हणजे अख्खी गाडी सुमारे अर्ध्या अंशाने मागे कलली. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण दिव्यांचा झोत त्याच अर्ध्या अंशाने वर उठतो. पंचवीस फुटांवरच्या भिंतीवर तो अडीच इंचांहून थोडा अधिक वर जातो आणि शंभर फुटांवर वीतभराहून जास्त. समोरून येणाऱ्या छोट्या मोटारीच्या चालकाचे डोळे नेमके त्याच पट्ट्यात असतात. म्हणून काम करण्यापूर्वी भिंतीवर चिकटपट्टी लावून झोताची वरची कड आखून ठेवायची आणि नंतर दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोत त्याच रेघेवर आणायचा. तोच अर्धा अंश पुढच्या चाकांच्या कॅस्टरमध्येही वाढतो, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष थोडा अधिक मागे कलतो. महामार्गावर ट्रक सरळ धरून राहण्याला त्याने झाली तर मदतच होते. पुढची बाजू उचलून सपाट केलेल्या ट्रकमध्येही गाडी तितकीच मागे कलते, त्यामुळे दिव्यांची जबाबदारी त्यांच्यावरही तेवढीच असते. रात्री महामार्गावर आरशात डोळे दिपवणारे निम्मे ट्रक माझ्या मते याच वर्गातले असतात.

जुन्या गाड्यांत आणखी एक खोच असते. टोयोटाच्या जुन्या पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून एका दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. अ‍ॅक्सल आणि चासी जवळ आले की गाडीत माल आहे असे समजून तो मागच्या ब्रेकांना जास्त दाब देतो. अशा गाडीची मागची बाजू उतरवली आणि त्या दांडीची जोडणी तशीच ठेवली, तर रिकामी गाडी कायम भरलेलीच समजली जाते, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताच हलकी मागची चाके आधी जखडतात. माझ्या ट्रकमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाहते, म्हणून मी त्यातून सुटलो.

मागची बाजू उतरवण्याला सीमा कुठे, याचे उत्तर दक्षिणेकडील राज्यांनी कायद्यानेच देऊन टाकले आहे. तिकडच्या तरुणांत ट्रकचे नाक उंच आणि शेपूट जमिनीकडे, असा ‘कॅरोलिना स्क्वॉट’ नावाचा प्रकार बोकाळला होता. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील शर्यतींच्या ट्रकांवरून तो आला असे सांगतात. पण तिथे उंच नाकाला काम असते, उडी मारून उतरताना. इथे फक्त चालकाला बॉनेटपलीकडचा रस्ता दिसेनासा होतो आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्याहून चार इंच किंवा अधिक उंच असलेल्या गाड्यांना बंदी घातली. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये तोच रस्ता धरला. चार इंच ही मर्यादा मला फार उदार वाटते. रिकामी गाडी एक इंचानेही मागे कललेली असू नये, कारण माल तिला आणखी मागेच नेणार आहे.

मामांच्या शंकेची परीक्षा वसंतात झाली. पावसाने भिजलेले मल्च भरले, अंदाजे चारशे किलो, आणि दुकानाच्या सपाट आवारातच फीत काढली. मागची बाजू पावणेदोन इंच बसली होती, पुढची किंचित उठली होती. एकूण हौदा नाकापेक्षा पाऊण इंचाहून थोडा अधिक खाली. म्हणजे उलार, पण बेताचा. आधीच्या उंचीवर हाच माल भरला असता तर हौदा अजूनही थोडा वरच राहिला असता. त्याहून महत्त्वाचा आकडा खाली होता. अ‍ॅक्सलने चासीवर आदळू नये म्हणून मध्ये जो रबरी बंप स्टॉप असतो, त्याच्यापर्यंतचे अंतर रिकाम्या ट्रकमध्ये पूर्वी चार इंच होते, ठोकळा बदलल्यावर पावणेतीन झाले आणि मल्च भरल्यावर एक उरले. स्टिकरवरच्या वजनाच्या जवळपास निम्म्यातच ही अवस्था. हिवाळ्याने उखडलेल्या आमच्या रस्त्यांवर एक इंच फार नाही. दोन खड्ड्यांत तो रबर अ‍ॅक्सलला टेकल्याचा ठोका बुडाखाली स्पष्ट जाणवला.

यावर उपाय आहेत. पाटा आणि चासी यांच्यामध्ये हवेच्या छोट्या फुग्यांची जोडी बसते. माल भरला की पंपाने त्यांत हवा भरायची, रिकामे झाले की सोडायची. उतरवलेल्या ट्रकने जड ट्रेलर ओढणारे लोक हेच करतात, आणि ते योग्यच आहे. पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. पाटे, अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक यांची क्षमता होती तिथेच राहते, फक्त ट्रक भरलेला दिसत नाही. वर्षातून दोनदा भरणाऱ्या हौद्यासाठी मी फुगे बसवणार नाही. मल्चच्या एका खेपेऐवजी दोन करीन.

लेकाचे मत वेगळे आहे. त्याला उरलेला एक इंचही नको आहे आणि लांब शॅकल लावून तो काढता येईल हे त्याने शोधूनही ठेवले आहे. मी त्याला बंप स्टॉपचे आकडे दाखवले, मल्च भरल्यावर शून्य उरेल हे कागदावर मांडून दिले. त्याने ते मान्य केले. मग म्हणाला की मल्चवाले पन्नास-साठ डॉलर जास्त घेऊन घरपोच आणून टाकतात, तेव्हा ते हौद्यात भरायचेच कशाला?